थकबाकीच्या यादीतले पहिले नाव : नव्या सरपंचांना खुले पत्र

पहिल्यांदाच सरपंचपदाची सूत्रे हाती घेणाऱ्या सर्व भगिनींना आणि बंधूंना,
सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

गुलाल धुऊन निघावा, हार वाळावेत, अभिनंदनाला येणाऱ्यांची रीघ ओसरावी आणि मगच हे पत्र लिहावे, असे मी ठरवले होते. निकालाच्या आठवड्यात कोणाच्याही कानावर काही पडत नाही, हे मी अनुभवाने जाणतो. मी निवृत्त ग्रामसेवक आहे. या पदाला २०२४ पासून ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. पण माझी सारी नोकरी जुन्याच नावाने झाली आणि गावाने मला ‘भाऊसाहेब’ याच नावाने हाक मारली. तीस वर्षांहून अधिक काळात सहा गावांत मी काम केले आणि अकरा सरपंचांच्या सहीशेजारी माझी सही झाली. त्यांतले बहुतेक सज्जन होते, काही हुशार होते, दोघे-तिघे तर उत्तम वक्तेही होते. तरीही ‘चांगला सरपंच कोणता’ असे कोणी विचारले, तर माझ्या डोळ्यांसमोर तीनच चेहरे येतात. तेच तीन का येतात, याचा शोध निवृत्तीनंतर सवड मिळाल्यावर मी माझ्यापुरता घेतला आणि जे हाती लागले ते आपल्यापुढे ठेवतो आहे.

सुरुवात कायद्यापासून करतो, कारण माझी सवय तीच आहे. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमातले कलम १४ आपल्यापैकी अनेकांनी उमेदवारी अर्ज भरतानाच ऐकले असेल. पंचायतीच्या ठेक्यात ज्याचा हितसंबंध आहे, मागणीचे बिल बजावल्यानंतर तीन महिन्यांत ज्याने कर भरलेला नाही, सरकारी जागेवर ज्याचे अतिक्रमण आहे, अशा माणसाला सदस्य होता येत नाही किंवा झाला असेल तर राहता येत नाही, असे हे कलम सांगते. (तालुक्याच्या वकिलांना ते तोंडपाठ असते, निवडणुकीनंतरची निम्मी भांडणे त्याच्याच जोरावर लढली जातात.) म्हणजे खुर्चीवर कोणी बसू नये, याची भलीमोठी यादी कायद्याने करून ठेवली आहे. खुर्चीवर बसलेल्याने कसे असावे, याबद्दल मात्र तो जवळजवळ मौन पाळतो. ती बाब त्याने मतदारांवर सोपवली, आणि मतदार तिचा निकाल भावकी, पॅनेल आणि मतदानाच्या आदल्या रात्री यांच्या हिशेबाने लावतात, हे आपण सारेच जाणतो. त्यामुळे निवडून आलात म्हणजे नेतृत्व सिद्ध झाले, असे कृपया समजू नका. ते सिद्ध व्हायचे असेल तर आता, या पाच वर्षांत व्हायचे आहे.

माझ्या डोळ्यांसमोर जो पहिला चेहरा येतो, तो एका ताईंचा आहे. दुष्काळी पट्ट्यातले, चारएकशे उंबऱ्यांचे गाव होते. सरपंचपद महिलेसाठी राखीव झाले, म्हणून सातवीपर्यंत शिकलेल्या या ताईंना घरच्यांनी उभे केले होते आणि त्या निवडून आल्या होत्या. पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेच्या दोन दिवस आधी त्या कार्यालयात आल्या आणि त्यांनी मला विचारले, “भाऊसाहेब, थकबाकीची यादी केवढी हाय?” मी म्हणालो, नऊ पाने आहे. त्या म्हणाल्या, “ग्रामसभेत वाचायची.” मला घाम फुटला. थकबाकीदारांची नावे चारचौघांत वाचली की काय होते, हे मी आधीच्या गावात पाहिले होते. तिथे खुर्च्या उडाल्या होत्या. मी नियम, प्रथा, गावचे वातावरण असे सारे सांगून पाहिले. ताईंनी मागणीची नोंदवही, म्हणजे आपला नमुना ९, मांडीवर घेतली आणि एकेका ओळीवर बोट ठेवत त्या वाचू लागल्या. चौथ्या पानावर बोट थांबले. तिथे त्यांच्या सासऱ्यांचे नाव होते. तीन वर्षांची घरपट्टी आणि पाणीपट्टी थकलेली होती. उमेदवारी अर्जाला थकबाकी नसल्याचा दाखला जोडावा लागतो, पण घर सासऱ्यांच्या नावावर असल्याने त्यांना तो मिळायला काही अडचण आली नव्हती. कागदाचे समाधान झालेले होते. ताईंचे झाले नाही. त्या एवढेच म्हणाल्या, “पहिलं हे वाचा.”

झेंडावंदन झाल्यावर मारुतीच्या पारावर सभा बसली. विषयपत्रिकेवरचे पहिले तीन विषय नेहमीप्रमाणे ‘मंजूर, मंजूर’ म्हणत निघून गेले. मग मी यादी काढली आणि ठरल्याप्रमाणे पहिले नाव वाचले. सासरे लिंबाखाली बसले होते. त्यांनी टोपी डोक्यावर घट्ट केली, उठले आणि कोणाकडेही न बघता घराच्या वाटेला लागले. ताईंनी पदराच्या गाठीतून दुमडलेल्या नोटा काढल्या, टेबलावर मोजल्या आणि म्हणाल्या, “पावती फाडा.” कार्बन घालून मी पावती लिहिली तेव्हा सभेत इतकी शांतता होती की कागद टरकन फाटल्याचा आवाज मागच्या ओळीपर्यंत गेला असावा. त्यानंतर नऊ पानांवरची उरलेली नावे मी वाचली. त्यांत ताईंच्याच पॅनेलच्या दोन सदस्यांची नावे होती, विरोधी पॅनेलच्या प्रमुखाचे होते आणि गावातल्या एका गुरुजींचेही होते. एकही खुर्ची हलली नाही. त्या संध्याकाळी कार्यालयाच्या मागच्या दाराने तिघे जण येऊन पैसे भरून गेले. सगळ्यांनी भरले, असे मी म्हणणार नाही. काहींनी आजतागायत भरलेले नसतील. पण त्यानंतर वसुलीला गेल्यावर “आधी सरपंचाच्या घरचं घ्या, मग माझ्याकडं या” हे वाक्य मला त्या गावात कोणी ऐकवले नाही. वसुलीच्या आड येणारे खरे वाक्य तेच असते, हे ज्याने ती कामे केली आहेत तोच जाणतो.

हे लिहिताना मला कोल्हापूरच्या शाहू महाराजांची आठवण होते. २६ जुलै १९०२ रोजी त्यांनी संस्थानातल्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला, हे आपण शाळेत शिकलो. पण कोल्हापुरातला जुना माणूस महाराजांविषयी बोलू लागला की हुकुमाआधी त्याच्या तोंडी गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलातला चहा येतो. अस्पृश्य मानल्या गेलेल्या माणसाने चालवलेल्या हॉटेलापुढे महाराज गाडी थांबवत आणि सर्वांदेखत चहा घेत. बरोबरच्या मंडळींना मग नाही म्हणायला तोंड उरत नसे. हुकूम काढणे राजाला अवघड नव्हते. भर रस्त्यात कप तोंडाला लावणे हे काम कोणा अधिकाऱ्याकडून करवून घेता येण्यासारखे नव्हते. आमच्या ताईंना हा प्रसंग ठाऊक होता की नाही, मला माहीत नाही. त्यांनी केले ते मात्र त्याच तऱ्हेचे काम होते.

दुसरा चेहरा एका मध्यमवयीन शेतकऱ्याचा आहे. भाषण म्हटले की त्यांचे पाय लटपटत. मंत्री आले तरी ते मागच्या रांगेत उभे राहत आणि पंचायत समितीत त्यांना कोणी ओळखतही नसे. पण दर सोमवारी सकाळी ते पाणीपुरवठा कर्मचाऱ्याला बरोबर घेऊन नळयोजनेच्या शेवटच्या नळावर जात. शेवटचा नळ हा बहुतेक गावांत अशा वस्तीत असतो, जिथे एकही सदस्य राहत नाही. तिथे बाटलीत पाणी घेऊन ते ओटी टेस्टचे, म्हणजे पाण्यात क्लोरीन आहे का ते दाखवणाऱ्या औषधाचे, थेंब टाकायला लावत आणि पाणी पिवळे झाले की नाही, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहत. पिवळे झाले म्हणजे टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर, शेवटपर्यंत पोचली. झाले नाही म्हणजे ती एकतर टाकलीच नाही किंवा डब्यात पडून पडून निकामी झाली. एका पावसाळ्यात सलग दोन सोमवारी पाणी पांढरेच राहिले. तेव्हा त्यांनी पावडरचा डबा उघडून हातात घेतला, वास घेतला आणि मला म्हणाले, “भाऊसाहेब, हा चुना झालाय.” त्या वर्षी शेजारच्या गावांत गॅस्ट्रोची साथ आली आणि आमच्या गावात आली नाही. ती त्या सोमवारांमुळेच आली नाही, असे छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण न आलेल्या साथीचा फोटो निघत नाही, बातमी छापून येत नाही आणि निवडणुकीच्या पत्रकात ‘माझ्या काळात गॅस्ट्रो झाला नाही’ असे कोणी छापत नाही, एवढे मात्र मी सांगू शकतो.

बांधिलकी हा शब्द आपण सत्काराच्या भाषणांत फार स्वस्त करून टाकला आहे. माझ्या लेखी तिचा अर्थ साधा आहे : ज्या कामाला कोणी टाळी वाजवणार नाही, ते काम अडीचशेव्या सोमवारीही पहिल्या सोमवारासारखे करणे. आपल्यासमोर आता उलटा मोह उभा राहणार आहे. कमान, सभामंडप, पेव्हर ब्लॉक, हायमास्ट दिवा ही कामे दिसतात, त्यांना उद्घाटन असते, त्यांच्यावर नाव कोरता येते. त्यांत वाईट काही नाही. पण लाखांची स्वागत कमान उभी असलेल्या आणि उन्हाळ्यात त्याच कमानीखालून रोज टँकर आत जाणाऱ्या गावात मी नोकरी केली आहे, म्हणून थोडे कडवट लिहिले जाते, त्याची क्षमा असावी. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळातल्या अनुदानाचा ६० टक्के भाग पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांनाच बांधून दिला, तेव्हा अनेक सरपंच माझ्याकडे तक्रार करत की सरकार आमचे हात बांधते. हात का बांधावे लागले, हा प्रश्न मात्र त्या तक्रारीत कधीच नसे.

आता जे अवघड आहे त्याकडे येतो. विरोधकाला नाही म्हणणे कोणालाही जमते. आपल्याला ज्यांनी निवडून आणले त्यांना नाही म्हणणे, ही खरी कसोटी आहे, आणि तिच्यात नापास झालेले चांगले चांगले लोक मी पाहिले आहेत.

नगर तालुक्यातले हिवरे बाजार आपण पाहिले असेल किंवा निदान त्याविषयी ऐकले असेल. १९८९-९० च्या सुमारास एम.कॉम. झालेल्या पोपटराव पवार यांना गावाने सरपंच केले. पुढे २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. सरासरी ४०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या, टँकर आणि स्थलांतर यांनी पोखरलेल्या या गावाचे पुढे काय झाले, ते सर्वांना ठाऊक आहे. आम्ही एकदा तालुक्यातल्या सरपंचांना घेऊन तिथे अभ्यास दौऱ्यावर गेलो होतो. परतीच्या प्रवासात एसटीत चर्चा चालली होती ती डोंगरावरच्या झाडांची, समतल चरांची, स्वच्छ रस्त्यांची. हे सगळे आपल्याकडेही करता येईल, असा उत्साह होता. पण त्या गावाने शेतीसाठी कूपनलिका घ्यायला बंदी केली, ऊस आणि केळी यांसारखी पाणीपिऊ पिके घ्यायची नाहीत असे ठरवले, दर वर्षी पडलेला पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडला आणि पाऊस कमी पडला तर रब्बीचे क्षेत्र कमी करायला लोकांना राजी केले, याबद्दल कोणी बोलत नव्हते. शेवटी मागच्या बाकावरचे एक सरपंच हळूच म्हणाले, “झाडं लावतो ओ. पण ऊस नको म्हणालो तर मला गावात ठेवायचे नाहीत.” दौऱ्यातले सगळ्यात प्रामाणिक वाक्य तेच होते. झाडे लावायला निधी लागतो आणि तो मिळतो. ज्याच्या मतावर आपण निवडून आलो त्याच्या बांधावर उभे राहून ‘इथे बोअर घेऊ नको’ असे सांगायला जे लागते, ते कोणत्याच योजनेच्या अंदाजपत्रकात बसत नाही.

माझ्या तिसऱ्या चेहऱ्याची गोष्ट याच कसोटीची आहे, आणि ती गोड नाही. हे सरपंच तरुण होते. गावातल्या बंदिस्त गटाराचे काम एका ठेकेदाराच्या नावावर निघाले होते. प्रत्यक्षात ते सरपंचांच्या मेव्हण्याने केले होते, आणि निवडणुकीत त्याच मेव्हण्याने सर्वांत जास्त पळापळ केली होती. बिल काढायच्या आदल्या दिवशी सरपंच कामावर गेले, खिशातली मोटारसायकलची किल्ली काढली आणि काँक्रीटवर ओढली. भुगा निघाला. चार ठिकाणी ओढली, चारही ठिकाणी निघाला. मोजमाप पुस्तिकेत सारे काही बरोबर लिहिलेले होते. ते कार्यालयात आले, डोंगल, म्हणजे संगणकावर डिजिटल सही करायचे उपकरण, माझ्यासमोर ठेवले आणि म्हणाले, “मी सही करत नाही. गटार उखडून पुन्हा करायला सांगा.” काम पुन्हा झाले. बहिणीने मात्र त्यांच्या घरी येणे सोडले; पुढच्या दिवाळीत भाऊबीज झाली नाही, त्याच्या पुढच्या दिवाळीतही झाली नाही. मुदत संपल्यावर ते पुन्हा उभे राहिले आणि पडले. प्रामाणिकपणाचे फळ मिळतेच, असे मी आपल्याला सांगणार नाही, कारण मी तसे नेहमीच पाहिलेले नाही. ते गटार अजून शाबूत आहे, हे सांगू शकतो.

ग्रामसभेविषयी लिहिताना मला आधी माझी स्वतःची चूक कबूल केली पाहिजे. ग्रामसभेला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी गणपूर्ती लागते. ती झाली नाही की सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. या पळवाटेतून मी वर्षानुवर्षे ग्रामसभा ‘घेतल्या’ आहेत. इतकेच काय, शिपायाच्या हाती नोंदवही देऊन घरोघर सह्या गोळा करून आणवल्या आहेत आणि मग कार्यालयात बसून, न झालेल्या चर्चेचे इतिवृत्त सुवाच्य अक्षरात लिहिले आहे. ‘सदर विषयावर साधकबाधक चर्चा होऊन सर्वानुमते ठरले की’ हे वाक्य मी इतक्या वेळा लिहिले, की ते माझ्या बोटांतूनच उतरत असे. सरपंच खूश असत, पंचायत समिती खूश असे, तपासणीत आक्षेप निघत नसे. ज्या ताईंबद्दल मी वर लिहिले, त्यांनी पहिल्याच महिन्यात ती नोंदवही शिपायाच्या हातातून काढून घेतली. त्यानंतरच्या दोन सभा गणपूर्तीअभावी खरोखरच तहकूब झाल्या आणि तसेच इतिवृत्तात लिहिले गेले. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते, ती कागदावरची सभाही त्यांनी एका अंगणात प्रत्यक्ष भरवली. तिथे बायकांनी रस्ता मागितला नाही, मंडप मागितला नाही. पहाटे नळाला पाणी सोडतात ती वेळ बदला, एवढेच मागितले. तीस वर्षांत मला हे कोणी सांगितले नव्हते, कारण मी कोणाला विचारलेच नव्हते.

गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाची घोषणा आपण ऐकली असेल : ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.’ देवाजी तोफा यांचे नाव त्या गावाशी कायमचे जोडलेले आहे. पण तिथल्या कामाची पद्धत पाहिली की नेता आणि गाव यांच्यातली सीमारेषा पुसट होत जाते. तिथे निर्णय बहुमताने घेत नाहीत, सर्वसहमतीने घेतात; एकाचाही आक्षेप असेल तर विषय पुन्हा बसवतात, पुन्हा बोलतात. हे ऐकायला संथ वाटते आणि ते संथच आहे. पण वनहक्क कायद्याखाली २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत ते आले, आणि २०११ साली बांबू वाहतुकीच्या परवान्यांचा अधिकार ग्रामसभेच्या हाती पडला. एवढी वर्षे नेटाने टिकणे हे एका माणसाच्या धडाडीवर झाले नसते. त्यासाठी ज्याला आपले म्हणणे मागे ठेवून शेवटच्या माणसाचे ऐकून घेता येते, असे कोणीतरी मध्ये बसलेले असावे लागते. आपल्याकडे याच्या उलट चालते. थेट निवडणुकीमुळे सरपंच एका पॅनेलचा आणि सदस्यांचे बहुमत दुसऱ्या पॅनेलचे, अशी स्थिती अनेक गावांत असते, आणि पाच वर्षे एकमेकांचे ठराव पाडण्यातच जातात. अशा वेळी सरपंचाने जिंकण्याचा हट्ट सोडला तर निम्मी अडलेली कामे सुटतात, हे मी दोन गावांत प्रत्यक्ष पाहिले आहे. तसे करणाऱ्याला गावात ‘मऊ’ म्हणतात, याचीही तयारी ठेवावी लागते.

महिला सरपंचांना दोन शब्द वेगळे लिहितो. ७३ व्या घटनादुरुस्तीने २४ एप्रिल १९९३ पासून एक तृतीयांश जागा आपल्याला दिल्या आणि महाराष्ट्राने २०११ मध्ये त्या निम्म्यावर नेल्या. तरी आजही मासिक सभेत आपल्या खुर्चीशेजारी आणखी एक खुर्ची टाकली जाते आणि तिच्यावर आपले पती, दीर किंवा मुलगा बसतो, हे मी पाहत आलो. त्यांना घरी पाठवण्याचे बळ पहिल्या दिवशी आले नाही, तर निराश होऊ नका. निदान आपल्या हाताने सही करण्यापूर्वी कागद आपल्या डोळ्यांनी वाचा आणि समजला नाही तर ग्रामपंचायत अधिकाऱ्याला मोठ्याने वाचायला लावा. त्याला राग आला तरी चालेल. मलाही येत असे. डोंगल आणि त्याचा पासवर्ड मात्र कोणाच्याही, अगदी घरच्यांच्याही, हाती देऊ नका; सही कोणी केली याचा खुलासा करायची वेळ येते तेव्हा शेजारची खुर्ची रिकामी असते.

आपल्याला सगळे आलेच पाहिजे, असा समज करून घेणारे सरपंचही मी पाहिले. अंदाजपत्रक वाचता येत नाही हे कबूल करायची लाज वाटते, म्हणून ते मान डोलावतात आणि ठेकेदार मग त्या डोलावलेल्या मानेचे मोल करतो. इथे लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांचा दाखला द्यावासा वाटतो. प्रवरेकाठच्या शेतकऱ्यांना गावोगाव पायी फिरून त्यांनी साखर कारखान्याच्या भागभांडवलासाठी उभे केले. १९५०-५१ च्या हंगामात कारखाना सुरू झाला तेव्हा अध्यक्षपद त्यांनी आपल्याकडे घेतले नाही. ते पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्याकडे होते आणि जवळजवळ दशकभर राहिले. फारसे शालेय शिक्षण नसलेल्या एका शेतकऱ्याला हिशेब, कर्ज आणि कायदा यांसाठी कोणाला पुढे बसवावे हे कळत होते, आणि ते कळूनही त्याचे वजन तसूभर कमी झाले नाही. सहकारी साखर कारखानदारीचे पुढे काय काय झाले, हा वेगळ्या पत्राचा विषय आहे. तो इथे काढत नाही.

पुरस्कारांविषयी फार लिहीत नाही. २०००-०१ मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान आले, गावेच्या गावे झाडू घेऊन रस्त्यावर उतरली आणि त्या दिवसांतली उमेद खरी होती. पण समिती येऊन गेल्यावर दुसऱ्याच वर्षी जिथे उकिरडे पूर्वीच्या जागी परतले, अशा गावाचा गंजलेला पुरस्काराचा फलक मी कितीदा तरी ओलांडला आहे. बाबा स्वतः गावात शिरताना आधी झाडू हातात घेत आणि कीर्तनाला नंतर उभे राहत. समितीच्या भेटीची तारीख त्यांना कोणी कळवलेली नसे.

असे काही काम आपल्या हातून सुरू झाले, तर ते आपल्यामागे कोण चालवील, याचा विचार शेवटच्या वर्षी करू नका. सोमवारी नळावर जाणारे ते सरपंच दर वेळी कोणातरी नव्या पोराला बरोबर नेत. मी त्यांना विचारले तेव्हा ते म्हणाले, “मला कंटाळा आला तर?” त्यांची मुदत संपल्यानंतर कोणी सोमवारी नळावर जाते की नाही, हे मी बदली झाल्यामुळे पाहू शकलो नाही, पण गेल्या वर्षी त्या गावच्या एका लग्नात एक तरुण मला भेटला आणि बोलता बोलता त्याने खिशातून ओटीची छोटी बाटली काढून दाखवली. लग्नाला येतानाही ती खिशात कशी राहिली, याचे त्यालाच हसू येत होते.

आपली पहिली मासिक सभा अजून व्हायची असेल. सत्काराच्या शाली घडी करून ठेवल्या की एकदा दुपारच्या वेळी, कार्यालयात कोणी नसताना जा आणि नमुना ९ मागून घ्या. आपल्या आडनावाची सगळी घरे त्यात शोधा. वही लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात असते आणि किल्ली बहुधा शिपायाकडे असते.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त ग्रामसेवक